'सगळंच काढून टाका' म्हणतायत, मी एक बाजू ठेवायला सांगू का?

पत्र:

मावशी, मी २४ वर्षांची, तासगाव तालुक्यातली, सांगलीत मेडिकल स्टोअरमध्ये कामाला आहे. दोन महिने पोट फुगल्यासारखं व्हायचं, ॲसिडिटी समजून गोळ्या खात होते. शेवटी सोनोग्राफी केली तर उजव्या ओव्हरीवर ११ सेंटीमीटरची गाठ निघाली, आत काही भाग घट्ट आहे म्हणाले. एमआरआयमध्ये डावी ओव्हरी आणि गर्भाची पिशवी नॉर्मल आहे, पोटात पाणी नाही. सीए-१२५ नावाची रक्ताची टेस्ट केली, तो ८६ आलाय. एका डॉक्टरांनी सांगितलं की कॅन्सरचा संशय आहे, दोन्ही ओव्हरी आणि पिशवी काढून मोकळं व्हा. मिरजेच्या मॅडम म्हणाल्या लवकरच्या स्टेजला असेल तर फक्त उजवी बाजू काढू. मामा म्हणतात रिस्क नको, सगळं काढा. आई म्हणते मेमध्ये लग्न आहे, आधी ते होऊ दे, कुणाला कळायला नको. आत्याला ४२ व्या वर्षी छातीचा कॅन्सर झालेला, म्हणून सगळे जास्तच घाबरलेत. मला मूल हवंय. पण त्यासाठी मी जिवाशी खेळतेय का? आणि ज्याच्याशी लग्न ठरलंय त्याला सांगू का? — एक स्वार्थी मुलगी

उत्तर:

पोरी, तुझं पत्र दोनदा वाचलं, एकदा रिपोर्टसाठी आणि एकदा त्या खालच्या सहीसाठी. स्वार्थी कशाची गं, स्वतःच्या शरीरातलं काय ठेवायचं नि काय काढायचं हे विचारणं म्हणजे स्वार्थ असेल तर मग विचारायचं तरी कुणी.

मी डॉक्टर नाही हे तुला माहितीय. ३१ वर्षं ऑपरेशन थिएटरला सिस्टर होते, त्यातली बरीच मिरजेत, आणि अशी पोटं उघडताना टेबलाच्या बाजूला उभं राहून पाहिलीत, त्या अनुभवावर आणि त्या काळात डॉक्टरांकडून जे शिकले त्यावर लिहितेय. निर्णय तुझ्या सर्जनबरोबर बसूनच घ्यायचा.

पहिली गोष्ट, तुला कॅन्सर आहे की नाही हे अजून कुणालाच माहीत नाही. संशय आहे, आणि तो धरायलाच हवा, कारण गाठीत घट्ट भाग आहे. पण सीए-१२५ ची नॉर्मल मर्यादा ३५ आणि तुझा ८६, यावरून कॅन्सर ठरत नाही. तो आकडा एंडोमेट्रिओसिसमध्ये, म्हणजे पिशवीच्या आतल्यासारखं अस्तर बाहेर वाढतं त्या आजारात, वाढतो, पोटाच्या टीबीत वाढतो, पाळी चालू असताना काढला तरी वाढतो, आणि उलट बाजूने सांगायचं तर ओव्हरीचा कॅन्सर सुरुवातीच्या स्टेजला असलेल्या साधारण निम्म्या बायकांमध्ये तो वाढलेलाच नसतो. तुझ्या वयात त्याच्यापेक्षा महत्त्वाच्या तीन टेस्ट आहेत, एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच, कारण विशीतल्या मुलींमध्ये जर्म सेल जातीच्या, म्हणजे अंडी बनवणाऱ्या पेशींतून होणाऱ्या, गाठी जास्त दिसतात आणि त्या या तीन टेस्टमध्ये कळू शकतात. पत्रात त्यांचा उल्लेख नाही, झाल्या नसतील तर ऑपरेशनच्या आधी करून घे, रक्त तर द्यायचंय.

मग सुई घालून आधी तुकडा का तपासत नाहीत असं तुझे मामा विचारतील, सगळेच विचारतात. तू तासगावची आहेस, द्राक्षाच्या पेटीत एक मणी फुटला की आजूबाजूच्या मालाचं काय होतं हे तुला मी सांगायला नको. ओव्हरीच्या गाठीचं तसंच आहे. साल शाबूत असताना गाठ एकाच ओव्हरीत असेल तर ती स्टेज वन-ए. तीच गाठ ऑपरेशनमध्ये फुटली आणि आतलं पाणी पोटात सांडलं तर वन-सी झाली, म्हणजे आजार तोच पण आपल्या हाताने स्टेज वाढवली, आणि मग कदाचित कीमो लागते जी एरवी लागलीच नसती. म्हणून संशय असलेल्या गाठीत सुई नाही, आणि दुर्बिणीतून पंक्चर करून पाणी ओढून घेणं तर अजिबात नाही. मॅडम पोटावर उभी चीर घेऊ म्हणाल्या तर व्रणाला घाबरून 'दुर्बिणीतूनच करा' असा हट्ट धरू नकोस. ११ सेंटीमीटरची गाठ न फोडता अख्खी बाहेर यायला वाट लागते. काही गाठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दुर्बिणीतून निघतात, पण ते त्यांना ठरवू दे.

हे एवढ्या जोरात सांगतेय त्याला कारण आहे. एका ठिकाणी, नाव घेत नाही, मी नवीन असताना शिराळ्याकडच्या २२ वर्षांच्या मुलीची अशीच 'साधी सिस्ट' दुर्बिणीतून फोडून काढली आणि साल ट्रेमध्ये घालून नवऱ्याला दाखवली, बघा एवढी होती म्हणून, आणि टाकून दिली. तपासायला पाठवलीच नाही, बरणी भरायची ती पाचेकशे रुपये वाचवायला. चार महिन्यांनी ती मुलगी पोटात पाणी घेऊन परत आली. तेव्हापासून मी दिसेल त्या बाईला सांगते, पोटातून काहीही काढलं की ते फॉर्मलीनच्या बरणीत पॅथॉलॉजिस्टकडे गेलंच पाहिजे.

आता तुझा खरा प्रश्न. एक बाजू ठेवली तर जिवाशी खेळ होतो का.

आजार खरंच एकाच ओव्हरीत असेल, साल फुटलेली नसेल आणि पेशी सौम्य जातीच्या असतील, ज्याला डॉक्टर ग्रेड वन म्हणतात, तर निरोगी पिशवी आणि निरोगी डावी ओव्हरी काढून कॅन्सर जास्त काढला जात नाही. तिथं तो नसतोच. अशा निवडलेल्या पेशंटमध्ये एक बाजू ठेवल्यानं आयुष्य कमी होतं असं दिसलेलं नाही आणि हे ऑपरेशन आज जगभर स्वीकारलेलं आहे, मॅडम काही तुझ्यावर प्रयोग करत नाहीयेत. मामा ज्याला रिस्क म्हणतात ती दुसरीकडेच लपलेली असते. ती असते 'एकाच ओव्हरीत आहे' हे न तपासता मानून घेण्यात.

म्हणून मॅडमना 'काय ठेवणार' हे विचारलंस ते झालं, आता 'काय काय तपासणार' हे विचार. पोट उघडल्या उघडल्या सलाईन फिरवून ते पाणी परत घेतात, त्याला वॉशिंग म्हणतात, त्यात सुट्या कॅन्सरच्या पेशी आहेत का बघतात. मग उजवी ओव्हरी नळीसकट अखंड. मग पोटाच्या आतल्या अस्तराचे, आतड्यांच्या बाजूचे, वर डायफ्रामकडचे, म्हणजे छाती-पोटामधल्या पडद्याकडचे, बारीक तुकडे. आणि ओमेंटम, म्हणजे आतड्यांवर पदरासारखी लोंबणारी चरबी. आमचे सर त्याला पोटातला पोलीस म्हणायचे, कुठं गडबड असेल तिथं हे जाऊन चिकटतं, म्हणून लपलेला आजार बरेचदा त्याच्यातच सापडतो. गरजेप्रमाणे लिम्फच्या गाठी. म्युसिनस, म्हणजे आत चिकट द्रव असलेल्या, जातीची गाठ निघाली तर अपेंडिक्सही नीट बघतात, कारण ती जात कधी कधी आतड्यातून आलेली असते. या सगळ्याला मिळून स्टेजिंग म्हणतात. हे पूर्ण करून एक बाजू ठेवली तर ती विचारपूर्वक ठेवली, आणि हे न करता नुसती गाठ काढून 'बाकी सगळं छान दिसतंय' म्हटलं तर तो मात्र जुगार. त्यासाठीच गायनॅक-ऑन्को सर्जन हवा, म्हणजे स्त्रियांच्या कॅन्सरचंच ऑपरेशन करणारा. एक बारीक पण मोठी गोष्ट, डावी ओव्हरी दिसायला नीट असेल तर 'जाता जाता बघूया' म्हणून तिचा तुकडा घ्यायचा नाही, त्यानं तिथं आतले भाग एकमेकांना चिकटतात आणि जी वाचवायला चाललोय तिचंच नुकसान होतं.

टेबलावर असतानाच गाठीचा एक भाग फ्रोझन सेक्शनला जातो. पॅथॉलॉजिस्ट तो गोठवून पातळ काप काढून अर्ध्या तासात फोनवर सांगतात, साधी की बॉर्डरलाइन, म्हणजे साधी आणि कॅन्सर यांच्या मधली, की कॅन्सर. फ्रोझन बरोबर येतं बहुतेक वेळा पण नेहमी नाही, मोठ्या म्युसिनस गाठीत तर चकवतं, कारण ११ सेंटीमीटरच्या गाठीतला एखादाच काप बघितलेला असतो. पक्का रिपोर्ट आठ-दहा दिवसांनी येतो. म्हणून मला तुला सांगायचंय ते एवढंच आहे: थिएटरमध्ये शंका राहिली तर कमी काढायचं आणि रिपोर्टची वाट बघायची. राहिलेलं दहा दिवसांनी दुसऱ्या ऑपरेशननं काढता येतं, त्याला पैसे पडतील, त्रास होईल, पण येतं. काढलेली पिशवी कुणी परत बसवत नाही. एकदा आमच्याकडे एका मुलीचं पोट कॅन्सर समजून उघडलं, आत सगळीकडे बाजरीच्या दाण्यासारखे ठिपके, सीए-१२५ पाचशेच्या वर, थिएटरमधले सगळे गप्प झाले. सरांनी एकाच तुकड्यावर थांबून फ्रोझनची वाट बघितली. टीबी निघाला! औषधानं बरी झाली ती, आणि तिची पिशवी त्या अर्ध्या तासाच्या थांबण्यामुळे तिच्याकडे राहिली.

रिपोर्टवर पुढचं बदलतं, तेही आत्ताच मनात ठेव म्हणजे त्या दिवशी धक्का बसणार नाही. बॉर्डरलाइन निघाली तर बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. जर्म सेल निघाली, म्हणजे डिसजर्मिनोमा, योक सॅक वगैरे, तर नाव भयानक वाटेल पण या गाठींवर बीईपी नावाची कीमो इतकी चांगली चालते की आजार थोडा पसरलेला असला तरी एक ओव्हरी आणि पिशवी ठेवतात आणि मुली बऱ्या होतात, बहुतेकींची पाळीही परत सुरू होते. नेहमीच्या एपिथेलियल जातीत, म्हणजे ओव्हरीच्या वरच्या आवरणाच्या पेशींसारख्या पेशींच्या कॅन्सरमध्ये, वन-ए, ग्रेड वन असेल आणि स्टेजिंग स्वच्छ आलं तर कीमोसुद्धा लागत नाही. पण ग्रेड थ्री म्हणजे जोरात वाढणाऱ्या पेशी आल्या, क्लिअर सेल नावाची जात आली, किंवा वॉशिंगमध्ये पेशी सापडल्या तर डॉक्टर परत बसवून बोलतील, तिथं एक बाजू ठेवायची की नाही हा खरंच अवघड प्रश्न होतो आणि तेव्हा तू त्यांचं ऐकावंस असं मला वाटतं. आणि आजार ओव्हरीच्या बाहेर गेलेला निघाला, जर्म सेल सोडून, तर मग आधी तू, बाकी सगळं नंतर. हे मी गोड करून सांगणार नाही.

आत्याचं सांगितलंस ते बरं झालं, आणि ते मॅडमना सांग. लोकांना वाटतं आईकडचंच बघायचं, पण बीआरसीए जीनमधला दोष, ज्यानं छातीचा आणि ओव्हरीचा कॅन्सर घराण्यात येतो, तो वडिलांकडूनही येतो. एपिथेलियल कॅन्सर निघाला तर बीआरसीए १ आणि २ ची तपासणी करायचीच. त्यात दोष सापडला तर डावी ओव्हरी कायमची ठेवायची नाही, मूल लवकर होऊ द्यायचं आणि मग ३५ ते ४५ च्या दरम्यान, कुठल्या जीनमध्ये दोष आहे त्यावर, ती काढायचा सल्ला देतात. आत्याची तपासणी झालेली नसेल तर आधी तिची करता येते का तेही विचार.

मूल. एका ओव्हरीवर पाळी दर महिन्याला येते, एक गेली की दुसरी काम उचलते, मूल होऊ शकतं, नैसर्गिकरीत्या. होईलच असं मी लिहून देणार नाही, धडधाकट दोन ओव्हरींवर तरी कुठं कोण लिहून देतं. माझ्या माहितीतल्या दोघींचं असं ऑपरेशन झालेलं, एकीला दोन मुलं आहेत, दुसरीला झालं नाही, ती इस्लामपूरला स्वतःचं पार्लर चालवते आणि चेकअपला न चुकता जाते. कीमो लागणार असं ठरलं तर ती सुरू व्हायच्या आधी एग फ्रीझिंगबद्दल, म्हणजे स्त्रीबीजं गोठवून ठेवण्याबद्दल, विचार, नंतर नाही. त्याला दहा-बारा दिवस इंजेक्शनं लागतात, जर्म सेलमध्ये कधी तेवढा वेळही नसतो, पण विचारायला लाजू नकोस. २०२१ च्या कायद्यानं लग्न न झालेली मुलगीसुद्धा २१ वर्षं पूर्ण असेल तर हे करून घेऊ शकते. आणि समज दोन्ही ओव्हरी गेल्या तरी पिशवी निरोगी असेल तर ती ठेवता येते, दात्याच्या एगवर गरोदरपण होतं. 'सगळं काढा' म्हणणाऱ्यांना हे बरेचदा माहितीच नसतं.

आणि एक बोलायचं राहतंच नेहमी, मूल बाजूला ठेव क्षणभर. २४ व्या वर्षी दोन्ही ओव्हरी काढल्या की दुसऱ्या दिवसापासून पाळी जाते. अंगातून वाफा, झोप नाही, हाडं ठिसूळ व्हायला सुरुवात, हृदयावर परिणाम, नवऱ्याजवळ जाणं दुखरं होणं, हे चाळिशी-पन्नाशीचं सगळं पंचविशीत. तुला मूल नको असतं तरी मी हेच लिहिलं असतं. विनाकारण काढू नका.

त्याच्या बदल्यात एक किंमत आहे ती मोजायची तयारी ठेव, फॉलोअप. पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी तपासणी, सोनोग्राफी, रक्त, नंतर सहा महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत तरी. राहिलेल्या ओव्हरीत आजार परत आला तर लवकर सापडला पाहिजे, म्हणजे उपाय असतो. सासरची जत्रा आहे, द्राक्षाची छाटणी आहे म्हणून तारीख चुकवायची नाही. एवढं जमणार नसेल तर मग मामांचंच ऐकलेलं बरं, हे मी मनापासून सांगतेय.

सही. तू सज्ञान आहेस, कन्सेंट फॉर्मवर सही तुझी, मामांची नाही. कोरा फॉर्म पुढे केला तर थांब, कुठल्या परिस्थितीत काय काढायचं ते मराठीत लिहून घे: फ्रोझन साधं आलं तर हे, कॅन्सर आणि एकाच बाजूला तर हे, शंका असेल तर थांबायचं. २००८ साली सुप्रीम कोर्टात एक केस झाली होती, बाई दुर्बिणीच्या तपासणीला गेली, भुलेखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिची पिशवी आणि ओव्हरी काढल्या. कोर्टानं स्पष्ट सांगितलं की शुद्धीवर येऊन निर्णय घेऊ शकणाऱ्या बाईच्या जागी तिची आई संमती देऊ शकत नाही, जिवाला तातडीचा धोका नसेल तर. हे मामांना प्रेमानं सांग, भांडू नकोस. त्यांनी आधी कुणाला तरी गमावलेलं असेल, भीतीपोटीच बोलतायत ते.

पैशाचं: पिवळं, केशरी, पांढरं कुठलंही रेशनकार्ड असू दे, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंत उपचार बसतात, हॉस्पिटल त्या यादीत आहे का आणि हे ऑपरेशन पॅकेजमध्ये येतं का ते तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, ॲडमिट व्हायच्या आधी विचार. दुसरं मत हवं असेल तर कराड आहे, कोल्हापूर आहे, परळचं टाटा आहे. ऑपरेशननंतर रिपोर्ट बुचकळ्यात टाकणारा आला तर स्लाइड आणि ब्लॉक, म्हणजे गाठीचे काचेवरचे काप आणि मेणात जपलेले तुकडे, मागून घे, ते तुझे आहेत, आणि टाटामध्ये परत वाचून घे. पण दुसऱ्या मतासाठी आठवडा, महिना नाही. आणि हळद. आपल्या सांगलीची हळद सगळ्या देशात जाते, दुधात घालून पी, पण त्यानं ही गाठ जात नाही, कुणी काढा देत असेल तर मॅडमना दाखवल्याशिवाय घेऊ नकोस, ऑपरेशनच्या आधी काही गोष्टींनी रक्त पातळ होतं.

ज्याच्याशी लग्न ठरलंय त्याला सांग. तूच सांग, ऑपरेशनच्या आधी, त्याच्या घरच्यांना कुणा नातेवाईकाकडून कळायच्या आत. रिपोर्ट येईपर्यंत कॅन्सर शब्द वापरायची गरज नाही, 'ओव्हरीवर गाठ आहे, ती काढायची आहे, काय आहे ते काढल्यावर कळेल, लग्न पुढे जाईल' एवढं पुरे. रिपोर्ट आला की रिपोर्टही सांग. तो गप्प झाला तर दोन दिवस गप्प राहू दे, घाबरला असेल. लपवून लग्न केलंस तर दर तीन महिन्यांनी तपासणीला काय सांगून बाहेर पडणार आहेस?

इथून पुढचं आईला वाचून दाखव.

वहिनी, तुमची भीती मला कळते. पोरीचं नाव खराब होईल, उद्या कुणी पत्करणार नाही, हे रात्री दोनला डोक्यात येतं आणि मग झोप येत नाही. पण या गाठीला मे महिना कळत नाही. आज साल शाबूत दिसतेय, पाणी नाहीये, दुसरी बाजू नीट आहे, म्हणजे एक बाजू ठेवता येण्याची सगळी लक्षणं आज आहेत, मेमध्ये असतीलच असं कोण सांगणार. एवढी मोठी गाठ पोटात पीळ खाऊ शकते, फुटूही शकते, आणि मग रात्री जो भेटेल तो डॉक्टर आणि जे सुचेल ते ऑपरेशन. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागणारा नाही, पोरीनं काही चुकीचं केलं म्हणून झालेला नाही. कार्यालयवाल्याला उद्या सकाळी फोन करा, ॲडव्हान्स दुसऱ्या तारखेला वळवून देतात का विचारा, दिवाळीनंतरच्या तारखा बघा. आणि मंगळवारी तिच्याबरोबर मिरजेला तुम्ही स्वतः जा, सगळे रिपोर्ट आणि एमआरआयची सीडी घेऊन, मामांनाही घ्या, म्हणजे त्यांना जे विचारायचंय ते मॅडमच्या तोंडून ऐकायला मिळेल.